लाकडावरचा डाग काय सांगतो?



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घराघरांतून झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, अंथरुणे उन्हात पडतात, भिंतींना चुना लागतो. अशा वेळी घरच्या माणसांची नजर लाकडी सामानाकडे जाते आणि मग दिसतात ते डाग. दाराच्या चौकटीवर काळे ठिपके, फडताळाच्या कोपऱ्यात तपकिरी फराटे, माच्याच्या सांध्यांत शाई सांडल्यासारखे बिंदू, देव्हाऱ्यामागे मातीची रेघ. कुणी ओले फडके घेतो, कुणी सोडा घेतो, कुणी तारेची घासणी, तर कुणी सरळ चाकूच घेतो. तासाभराने डाग जातो खरा, पण त्याबरोबर लाकडाची कळाही जाते. मग हळहळ वाटते.

म्हणून आज मी तुमच्याशी या किडामुंगीच्या डागांविषयी बोलणार आहे. विषय लहान आहे. पण लहान विषयाकडे दुर्लक्ष केल्याने केवढे नुकसान होते, ते मी स्वतः पाहिलेले आहे. ती हकीकत पुढे सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की डाग पुसण्याआधी तो कुणी पाडला हे ओळखावे. वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग मात्रा देतो, तसेच हे आहे.

सर्वांत नेहमीचा डाग म्हणजे माशीचा. मोहरीहून लहान, गोल ठिपके. काही काळे, काही फिकट पिवळसर. घरमाशीला दात नाहीत. ती अन्नावर आपली लाळ आणि पोटातला रस टाकते, ते पातळ करते आणि मग शोषून घेते. फिकट ठिपके या ओकारीचे आणि काळे ठिपके तिच्या विष्ठेचे. रात्री माशा उंच जागी, लोंबत्या वस्तूंवर बसतात. म्हणून दिव्याच्या तारेवर, तसबिरीच्या चौकटीवर आणि तुळईच्या कडेला हे ठिपके दाट असतात. हा डाग पाण्याने मऊ होतो, म्हणून काढायला सोपा.

दुसरा डाग झुरळाचा. स्वयंपाकघरातले फडताळ, बिजागरीची खाच, खणाची मागची फळी ही त्याची ठिकाणे. लहान झुरळांची घाण मिऱ्याच्या भुकटीसारखी दिसते. जागा ओलसर असली तर तिचे फराटे उठतात. शेजारी चिकटलेली तपकिरी अंडकोषाची डबीही सापडते. इथे एक काळजी घ्यावी. ही घाण कोरडी खरवडू नये. तिची धूळ नाकात गेल्याने काही लोकांना, विशेषतः मुलांना, दम्याचा त्रास होतो किंवा असलेला वाढतो. नाकाला फडके बांधावे आणि ओल्या कापडाने टिपूनच ती काढावी.

तिसरा डाग ढेकणाचा. माचा, बाज, पलंग, पाळणा यांच्या सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोकांपाशी शाईच्या टाकाने टेकवल्यासारखे काळे बिंदू दिसतात. ते पचलेले रक्त असते. पुष्कळ बाया-माणसे त्यावर एकदम कढत पाणी ओततात. कढत पाण्याने ढेकूण मरतो हे खरे. पण रक्त शिजले की डाग लाकडात पक्का बसतो. तेव्हा क्रम उलटा करावा. आधी थंड पाण्याने डाग काढावा, आणि मग साध्या, बिनपॉलिशच्या माच्याच्या सांध्यांत उकळते पाणी सोडावे. ते सोडताना मुलांना दूर ठेवावे आणि नंतर माचा कडक उन्हात उभा करावा. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, म्हणून एकदा करून भागत नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. शेतात फवारायचे औषध घरातल्या माच्यावर किंवा पाळण्यावर कधीही मारू नका. उरलेल्या बाटलीतले चार थेंब टाकले तर काय होते, असे वाटते. पण पीक उघड्या वाऱ्यावर असते आणि लेकरू त्या लाकडाला गाल लावून रात्रभर झोपते, कडा तोंडात घालते. डाग राहिला तरी चालेल. हे औषध घरात नको.

चौथा डाग भुंग्याचा. हाच तो मोठा काळा भुंगा, जो लाकूड पोखरतो पण कमळाच्या पाकळीत अडकून पडतो असे कवी सांगतात. वाशाला करंगळी जाईल एवढे गोल, गुळगुळीत भोक असते, आणि त्याखाली पिवळट-तपकिरी ओघळ भिंतीपर्यंत आलेला असतो. ओघळ कोमट पाण्याने पुसला जातो. भुंगा फुलांचे परागण करणारा, शेतकऱ्याच्या उपयोगाचा जीव आहे. तेव्हा तो उडून गेल्याची खात्री करून भोक लाकडी खुंटीने बंद करावे आणि वाशाला रंगाचा हात द्यावा. रंगवलेल्या लाकडाकडे तो सहसा वळत नाही.

चौकटीवर घर बांधणारी कुंभारीण माशी तर तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. तिच्या मातीच्या कोठड्यांत तिची पिल्ले असतात आणि त्यांच्यासाठी आणून ठेवलेले कोळी किंवा अळ्या असतात. घराला भोके पडलेली दिसली की पिल्ले उडून गेली असे समजावे. मग कोरडे असतानाच लाकडी पट्टीने ते उचकटावे. माती भिजवली तर तिचा राडा लाकडाच्या रेषांत शिरतो आणि काम दुप्पट होते.

शेवटचे दोन डाग असे आहेत, की त्यांना डाग म्हणणे हीच चूक. एक म्हणजे लाकडाखाली पडलेली पिठी. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली मैद्यासारखा मऊ भुसा. हा बारीक भुंगेऱ्याचा प्रताप. त्याची अळी लाकडाच्या कच्च्या, पांढरट भागातली पिठूळ द्रव्ये खात आत फिरते. बांबूलाही असाच भुंगेरा लागतो. म्हणून जुनी माणसे बांबू कापल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवीत. पिठी पुसून टाका, खाली काळा कागद पसरा आणि आठवड्याने पाहा. नवी पिठी पडली असेल तर किडा आत जिवंत आहे. ती वस्तू बाकीच्या सामानातून बाजूला काढा आणि जाणत्या सुताराला दाखवा.

आणि दुसरा म्हणजे मातीची रेघ. भिंतीवरून चढून लाकडावर आलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वाळलेल्या चिखलाची रेघ. ही वाळवीची वाट. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती माती, लाळ आणि विष्ठा यांचा बोगदा बांधून त्यातून ये-जा करते. याच रेघेची माझी हकीकत आहे.

मी नोकरीत नवा होतो. दोन शिक्षकी शाळा, आणि शाळेत एक लाकडी कपाट. कपाटाच्या मागच्या पायापाशी मातीचा एक फराटा दर आठ-पंधरा दिवसांनी उमटायचा. मी टापटिपीचा भोक्ता. दर शनिवारी मुलांकडून ओल्या फडक्याने तो पुसून घ्यायचो. पुन्हा उमटला की वाटे, कुणा पोराने मळके हात लावले. एका मुलाचे घर कुंभारवाड्यात होते. त्याच्या हाताला नेहमी माती असे. मी त्याला दोन वेळा वर्गाबाहेर उभे केले. तो म्हणायचा, "गुरुजी, म्या न्हाई." मी ऐकले नाही.

श्रावणात एक वयस्क गृहस्थ शाळेत आले. त्यांना जन्मतारखेचा दाखला हवा होता, आणि तो आमच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरावरूनच मिळणार होता. मी खालचा खण उघडला. वरून रजिस्टर धड दिसत होते. उचलायला गेलो, तर पुठ्ठा हातात आला आणि आतून ओली माती सांडली. दोन रजिस्टरे गेली होती. त्या गृहस्थांचे पान त्यातच होते. ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि विचारले, "मग आता कुठं जायचं, गुरुजी?" पुढे दुसऱ्या कागदांवरून त्यांचे काम झाले, पण त्यासाठी त्यांना वर्षभर तालुक्याला खेटे घालावे लागले. एका माणसाच्या नावाची आणि जन्मतारखेची नोंद वाळवीने खाल्ली, आणि मी दर शनिवारी तिच्या येण्याची खूण पुसून टाकीत होतो!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. शिक्षक बंधुभगिनींनो, ते सोपे गेले नाही. पण ते केल्यावाचून मला फळ्यापुढे उभे राहवेना.

तेव्हा मातीची रेघ दिसली तर आधी पुसू नका. मधोमध दोन बोटे जागा मोकळी करा आणि तीन-चार दिवसांनी पाहा. बोगदा पुन्हा जोडला गेला असेल तर वाळवी चालू आहे. लाकडावर बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे ती आत आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली किंवा खिडकीत पारदर्शक पंखांचा खच पडलेला दिसला, तर जवळपास वारूळ आहे हे ओळखावे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि पायांखाली दगडी ठोकळे द्यावेत. दगडावरूनही वाळवी चढते, पण चढताना ती आपल्याला दिसते, हा फायदा. भिंतीतली ओल आणि कौलाची गळती थांबवावी. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण आंब्याच्या फळ्या आणि सागाचाही बाहेरचा पांढरा भाग ती सोडत नाही. प्रादुर्भाव जुना असेल तर जाणकार माणसाकडून जमिनीतच उपाय करून घ्यावा. हे सगळे झाल्यावर उरलेली माती कोरड्या ब्रशाने झाडावी.

डाग ओळखला. आता लाकूड ओळखू या. लाकडावर कोणता हात दिला आहे यावर डाग काढण्याची रीत ठरते. वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मुरला तर लाकूड कोरे आहे. तसाच उभा राहिला, तर दुसऱ्या जागी कापसाच्या काडीने सुताराच्या स्पिरिटचा एक थेंब लावा. जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. नाही झाली, तर तेलाचा रंग किंवा वॉर्निश. स्पिरिट विषारी आहे आणि पेट घेते. ते मुलांपासून आणि चुलीपासून लांब ठेवावे.

लाखेचे पॉलिश म्हणजे काय, हे मला एका म्हाताऱ्या सुतारमामांनी शिकवले. वडिलांची शिसवी पेटी होती. तिच्यावर माशांचे ठिपके पडले होते. मी धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवला आणि पेटी घासली. तपकिरी पाणी निघू लागले. मला वाटले, काय ही वर्षांची घाण! पेटी वाळल्यावर पाहतो तो सगळी पांढुरकी आणि खरखरीत. सुतारमामा पेटी पाहून म्हणाले, "मास्तर, तुम्ही घाण नाही काढलीत, पॉलिश काढलंत." पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे आपल्याभोवती राळेसारखे कवच करतात. तेच साफ करून चपडी लाख होते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतो. ती सोड्याच्या पाण्यातही विरघळते. म्हणजे पाहा, पेटीची चकाकी हीसुद्धा किड्याचीच देणगी. एका किड्याचा डाग काढताना मी दुसऱ्या किड्याचे काम धुऊन टाकले होते.

तर पॉलिशच्या वस्तूची रीत अशी. चार-पाच रिठे फोडून त्यांची टरफले रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजत घालावीत आणि सकाळी ते पाणी गाळून घ्यावे. आधी मऊ कोरड्या कापडाने धूळ झटकावी. कापसाचा बोळा रिठ्याच्या पाण्यात भिजवून चांगला पिळावा आणि ठिपक्यावर दोन-तीन मिनिटे नुसता ठेवावा. घाई करू नये. मग बोळा घासायचा नाही, ठिपक्यावरून फिरवत न्यायचा. बोळा मळला की बदलायचा. जुन्या वस्तू जतन करणारे कारागीर अशा कामाला माणसाची लाळही वापरतात. तिच्यातल्या पाचक द्रव्यांनी असले डाग सुटतात. ठिपका तरी चिकटून राहिला तर बांबूच्या चपट्या काडीने अलगद उचलावा. पाते लावू नये. नंतर साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने पुसावे आणि लगेच कोरड्याने टिपावे, कारण लाखेवर पाणी राहिले की पांढरा वण उठतो.

दुसऱ्या दिवशी मेणाचा हात द्यावा. मधमाशीचे मेण किसून त्याच्या दुप्पट-तिप्पट टर्पेंटाइनमध्ये झाकणाच्या डब्यात टाकून ठेवावे. एक-दोन दिवसांत ते लोण्यासारखे होते. ते चुलीवर तापवू नये, टर्पेंटाइन भडकते. कापडावर थोडेसे घेऊन पातळ थर लावावा आणि अर्ध्या तासाने मऊ कापडाने चोळावा.

कोऱ्या लाकडाला, म्हणजे साध्या चौकटीला, बाकाला, फळीला, पाणी कमी वापरावे. माशीचे कोरडे ठिपके शाळेतल्या खोडरबराने सुद्धा निघतात, करून पाहा. खोल गेलेला डाग १८० नंबरच्या काचकागदाने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने घासावा. आडवे घासले तर ओरखडे कायमचे राहतात. मग जवसाचे तेल फडक्याने लावून जादा तेल पुसून घ्यावे. आणि इथे लक्ष द्या: जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके बाहेर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

तेलाच्या रंगाच्या दारा-खिडक्यांना अंगाच्या साबणाचे कोमट पाणी पुरते. पोळपाट, लाटणे, पाट यांना मात्र टर्पेंटाइन, रॉकेल काही लावू नये. मीठ भुरभुरून अर्ध्या लिंबाने चोळावे, गरम पाण्याने धुवावे आणि उभे करून पुरते वाळवावे.

तारेची घासणी ओल्या लाकडावर कधी नको. साग, बाभूळ अशा लाकडांत तुरट द्रव्य असते; त्याची लोखंडाशी गाठ पडली की शाईसारखा काळा डाग पडतो. खिळ्याभोवती काळे वर्तुळ दिसते ते यामुळेच. कोऱ्या लाकडावर असा डाग पडलाच, तर लिंबाच्या रसाने पुष्कळसा फिका होतो.

डाग पुन्हा पडू नयेत म्हणून काय करावे? उकिरडा आणि शेणाचा खड्डा घरापासून दूर न्यावा, म्हणजे माशा कमी. रात्री खरकटी भांडी ठेवू नयेत, म्हणजे झुरळे कमी. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या फडताळामागे ठेवतात. त्या ठेवायच्या तर मुलांचा आणि जनावरांचा हात पोचणार नाही अशाच जागी ठेवाव्यात. आणि महिन्यातून एकदा दिवा घेऊन कपाटांच्या मागे, माच्यांच्या खाली, देव्हाऱ्याच्या पाठीशी पाहावे.

शिक्षकांना एक सुचवतो. कार्यानुभवाच्या तासाला मुलांना हे काम द्या. प्रत्येकाने घरातल्या लाकडावरचे डाग शोधावेत आणि वहीत लिहावे: जागा कोणती, रंग कसा, आकार केवढा, खाली पिठी आहे की माती, आणि आठवड्याने काय बदल झाला. मग वर्गात सगळ्यांनी मिळून ओळखावे. मुलांना निरीक्षण येईल आणि गावातली दहा-वीस घरे तपासून होतील. शाळेच्या कपाटापासूनच सुरुवात करा. दाखल-खारीज रजिस्टरे खालच्या खणात ठेवू नका आणि वर्षातून दोनदा ती उघडून, पान न्‌ पान मोकळे करून पाहा. शक्य असेल तर त्यांची दुसरी प्रत करून वेगळ्या जागी ठेवा.

डाग काढणे हे हाताचे काम आहे, पण त्याआधी दोन मिनिटे डोळ्यांचे काम असते. तेवढी दोन मिनिटे मी त्या वेळी दिली असती, तर एक म्हातारा माणूस वर्षभर हिंडला नसता आणि एक निरपराध पोर वर्गाबाहेर उभे राहिले नसते. या दिवाळीला फडके हातात घ्याल, तेव्हा आधी डागाकडे नीट पाहा, एवढीच विनंती.